परदेशी दत्तक गेलेले लेकरू आपली माणसे शोधत खान्देशात येते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालविकास खात्यात परिविक्षा अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे खान्देशात काम केले आणि निवृत्तीनंतर अशा शोधांमध्ये दुवा म्हणून जाते. १९७० नंतरच्या तीन दशकांत युरोप-अमेरिकेत दत्तक गेलेली मुले आता मध्यमवयीन झाली आहेत. त्यांच्यापैकी काही जण एक-दोन जुने कागद घेऊन जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारच्या स्थानकावर उतरतात. त्यांच्या मदतीसाठी त्यांच्या देशांत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्यांच्या दारात ती येतात त्या आया, मामा, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि दुभाषे म्हणून सोबत जाणारी कॉलेजातली मुले यांच्यासाठी मराठीत फारसे काही नाही. म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे लिहीत आहे.

दत्तक गेलेल्या व्यक्तीला जन्मदात्यांचा शोध घेण्याचा हक्क आहे का?

आहे, आणि त्याला मर्यादाही आहे. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीचा हेग करार २९ मे १९९३ रोजी झाला आणि भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. मुलाच्या मुळाविषयीची माहिती, विशेषतः आईवडिलांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास, सरकारने जपून ठेवावा आणि देशाचा कायदा परवानगी देईल तितपत ती त्या मुलाला योग्य मार्गदर्शनाखाली मिळू द्यावी, असे त्या कराराचे ३० वे कलम सांगते. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालची २०२२ ची दत्तक विनियमावली यांत 'रूट सर्च', म्हणजे मुळांचा शोध, यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. दत्तक गेलेल्या व्यक्तीने संपर्क साधल्यास संबंधित संस्था आणि अधिकाऱ्यांनी तिला साहाय्य करावे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे.

त्याच तरतुदीत पुढे असेही आहे की मुलाच्या या हक्कामुळे जन्मदात्या आईवडिलांच्या खासगीपणाच्या हक्काला बाधा येता कामा नये. मूल सुपूर्द करताना आईने आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली असेल, तर तिची संमती घेतल्याशिवाय नाव सांगता येत नाही. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सोडले गेले एवढे सांगितले जाते. ही दोन्ही वाक्ये एकाच तरतुदीत लिहिली आहेत याचे मला समाधान वाटते, कारण या कामातला सगळा पेच त्या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

अर्ज कोठे करायचा?

दिल्लीतील केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, ज्याला सर्व जण 'कारा' म्हणतात. ज्या परदेशी संस्थेमार्फत दत्तक गेले ती संस्था, त्या देशाचे केंद्रीय प्राधिकरण किंवा तिथला भारतीय दूतावास यांच्याकडूनही अर्ज पुढे जाऊ शकतो. इकडे राज्याची दत्तक यंत्रणा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मूल ज्या संस्थेत होते ती संस्था यांच्यावर मदतीची जबाबदारी आहे. अर्जदार १८ वर्षांखालील असेल तर दत्तक आईवडिलांनी त्याच्यासोबत संयुक्त अर्ज करावा लागतो.

'कारा'ची स्थापना १९९० मधली आहे, हे लक्षात ठेवावे. १९७८ साली गेलेल्या मुलाची मूळ फाइल दिल्लीत असण्याची शक्यता कमी, आणि तिथून 'नोंद आढळत नाही' असे उत्तर आले म्हणून नोंद कोठेच नाही असे समजून खचून जाऊ नये.

आमचे एक परिचित स्वीडनहून आले आहेत. त्यांच्यासाठी आम्हीच माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर चालेल का?

चांगल्या भावनेतून हा मार्ग बरेच जण सुचवतात, पण तो बहुधा अडतो. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा भारतीय नागरिकांसाठी आहे, त्यामुळे परदेशी नागरिकत्व असलेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नाही. तुम्ही केलात तर तुम्ही तिऱ्हाईत ठरता, आणि तिऱ्हाइताला असा शोध घेण्याची परवानगी नाही, हे विनियमावलीत लिहिलेले आहे. अर्ज त्या व्यक्तीच्याच नावाने, तिच्याच सहीने जाऊ द्यावा. तुम्ही भाषेची, पत्त्यांची आणि सोबत जाण्याची मदत करावी.

जुने कागद कोणते असतात आणि ते कोठे सापडतात?

हे समजण्यासाठी त्या काळी मूल परदेशी जात कसे असे ते माहीत असावे लागते. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा परदेशी ख्रिस्ती दांपत्याला लागू नव्हता. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय त्या दांपत्याला मुलाचे केवळ पालक नेमत असे, त्या हुकुमावर मुलाचा भारतीय पासपोर्ट निघत असे, आणि प्रत्यक्ष दत्तकविधान मूल पोहोचल्यावर तिथल्या न्यायालयात होत असे. याचा अर्थ प्रत्येक मुलाच्या कागदांचे दोन संच आहेत, एक इथे आणि एक तिथे. अनेकदा तिथला संच अधिक भरलेला असतो, कारण इथून गेलेल्या प्रत्येक कागदाची प्रत परदेशी संस्थेने, न्यायालयाने आणि स्थलांतर खात्याने ठेवलेली असते. इकडे येण्याआधी तिथले सगळे मागवून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगते. दत्तक आईवडिलांच्या माळ्यावरची पेटीसुद्धा उघडून पाहायला लावते, कारण संस्थेतल्या ताईंनी पाठवलेले एखादे साधे पत्र हुकुमापेक्षा जास्त बोलते.

लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि परदेशी दत्तकासाठी पहिल्यांदा देशभर लागू होईल अशी कार्यपद्धती घालून दिली. त्यानंतरच्या फायलींमध्ये मुलाचा अभ्यास अहवाल, दत्तक कुटुंबाचा गृहभेट अहवाल आणि सुपूर्दपत्र यांची शक्यता वाढते. त्याआधीच्या फायली कधी अवघ्या चार पानांच्या असतात.

इथल्या बाजूला मी ज्या क्रमाने जाते तो असा : प्रथम संस्थेची प्रवेश नोंदवही, कारण तीत मूल कोणी आणून दिले ते लिहिलेले असते. मग मूल ज्यांच्यामार्फत आले ते ठाणे, इस्पितळ किंवा निरीक्षणगृह, ज्याला आपल्याकडे अजूनही 'रिमांड होम' म्हणतात. मग न्यायालयाचे अभिलेख, आणि सर्वांत शेवटी गाव. बाल न्यायालय १९४८ च्या मुंबई मुलांच्या कायद्याखाली चालत असे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यानंतर बाल कल्याण मंडळ आले आणि २००० च्या कायद्यानंतर बाल कल्याण समिती. त्यामुळे १९८० चा हुकूम आजच्या समितीच्या कपाटात शोधून सापडत नाही म्हणून नाराज होण्यात अर्थ नाही; तो दुसऱ्याच कार्यालयाच्या दप्तरात गेलेला असतो.

गावपातळीवर जन्ममृत्यूची नोंदवही आणि त्याहून जुनी तहसिलातली गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती असते. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी तिची नक्कल काढली आहे त्यांना ती ठाऊक आहे. मात्र लपवलेल्या बाळंतपणाची नोंद तीत क्वचितच सापडते.

कागदावर 'जळगाव' किंवा 'धुलिया' लिहिले आहे. गाव तेच समजावे का?

येथे घाई केल्याने माणसे भलत्याच गावी गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, जिल्हे बदलले आहेत. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. नंतर पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश झाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नवापूर किंवा धडगाव भागात १९८५ साली जन्मलेल्या मुलाच्या कागदावर जिल्हा 'धुळे' असणार, तोही जुन्या इंग्रजी वळणाने 'धुलिया' म्हणून. मुक्ताईनगर पूर्वी एदलाबाद होते. ज्या अर्जदाराला हे माहीत नसते तो धुळे शहराच्या गल्ल्यांमध्ये आठवडा घालवतो.

दुसरी गोष्ट, एका नावाची गावे अनेक. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. पिंपळगाव, पिंप्री, वडगाव, लोणी ही नावे तर प्रत्येक तालुक्यात भेटतात. परदेशी टंकलेखकाने लिहिलेले गावाचे नाव एकदा मोठ्याने वाचून पाहावे आणि आसपासच्या दोन-तीन तालुक्यांच्या गावयादीशी पडताळावे. 'ळ' त्यांच्याकडे नसल्याने अमळनेरसारख्या नावांची जी रूपे मी पाहिली आहेत, त्यांवरून मूळ नावाशी पोहोचायला अर्धा दिवस गेला होता.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मूल जिथे सापडले ते गाव आणि आईचे गाव एकच असेल असे नाही. भुसावळ हे मोठे जंक्शन आहे; मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरत या सगळ्या दिशांच्या गाड्या तिथून जातात. फलाटावर सापडलेले बाळ खान्देशातले असू शकते, तसेच बुऱ्हाणपूरचे, बिहारचे किंवा उत्तर प्रदेशचेही असू शकते. उलट, खान्देशातली अविवाहित किंवा विधवा मुलगी दिवस भरत आले की पुण्या-मुंबईला 'मावशीकडे' जात असे, आणि बाळाच्या कागदावर पुणे लागत असे. बाईच्या अब्रूसाठी बाळ लपवण्याची ही रीत जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच दुःखापायी, आणि तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी आपला मुलगा केले.

जन्मतारखेविषयीही हेच. कागदावर १ जून असेल तर ती शाळेने किंवा संस्थेने घातलेली सोयीची तारीख असण्याचा संभव मोठा आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस शाळेच्या वहीत १ जूनलाच असतो, हे आपल्याला सांगायला नको. नाव तर बहुतेक वेळा संस्थेतल्या ताईंनीच ठेवलेले असते, त्यावरून जात किंवा कुळ काढायला जाऊ नये.

कागदावर 'बेवारस सापडले' एवढेच आहे. मग शोध संपला का?

संपला असे नाही, पण तो अरुंद झाला. अशा वेळी नियमाप्रमाणे मूल कोठून आणि कोणत्या परिस्थितीत संस्थेत आले आणि पुढे काय कार्यवाही झाली एवढी माहिती मिळते. बारा वर्षांखालील मूल टाकून देणे हा भारतीय दंड संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा होता (आज तो भारतीय न्याय संहितेच्या ९३ व्या कलमात आहे), म्हणून ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होण्याची शक्यता असते. तीत बाळ पहिल्यांदा कोणी पाहिले त्याचे नाव, वेळ, जागा आणि अंगावरचे कपडे लिहिलेले असतात. बाळ पाहणारा माणूस हयात असेल तर त्याच्याशी झालेली भेट अर्जदाराला किती देऊन जाते हे मी सांगू शकत नाही. एका मुलीला देवळाच्या पायरीवर तिला उचलणाऱ्या गुरवांच्या घरी नेले होते. आई सापडली नाही, पण 'तू रडत नव्हतीस, झोपली होतीस, आणि अंगावर धुतलेले फडके होते' हे ऐकून ती बराच वेळ त्या पायरीवर बसली.

स्थानिक दैनिकांच्या जुन्या फायलीही पाहाव्यात, कारण सापडलेल्या मुलाचा फोटो देऊन पालकांनी पुढे यावे असे आवाहन छापण्याची पद्धत आहे. आणि 'बेवारस' हा शब्द प्रत्येक वेळी खरा नसतो हेही ध्यानात ठेवावे. आईने हातात आणून दिलेले मूल तिच्यावर दया म्हणून 'सापडले' असे नोंदवले गेल्याची उदाहरणे जुन्या कर्मचाऱ्यांनी मला स्वतः सांगितली आहेत.

डीएनए चाचणीने शोध लागतो का?

कधी कधी लागतो, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. लाळेचा नमुना दिला की कंपनी आपल्या साठ्यातल्या इतर माणसांशी तो जुळवते आणि किती अंश सामाईक आहे ते सेंटीमॉर्गन या एककात सांगते. आई आणि मूल यांच्यात तो सुमारे ३,४०० असतो, सख्ख्या चुलत-मामे भावंडांत साधारण ८५०, आणि त्याच्या पुढच्या पिढीतल्या भावंडांत २३० च्या आसपास. अडचण अशी की या साठ्यांमध्ये भारतातली माणसे फार थोडी आहेत, त्यामुळे बहुतेकांना अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा लांबचा नातेवाईक तेवढा दिसतो.

दुसरी अडचण आपल्या सोयरिकीची आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीत आणि त्याच शंभरेक गावांत लग्ने होत आली, शिवाय मामाची मुलगी करण्याची चाल, यामुळे दोन माणसे प्रत्यक्षात आहेत त्याहून जवळची दिसतात. परदेशी तज्ज्ञ 'ही तुमची दुसऱ्या पिढीची बहीण' असे सांगतात, आणि खरे नाते चार-पाच पिढ्यांमागचे निघते. मात्र एखादे आडनाव आणि गाव हाती आले, तर आपल्याकडे एक साधन आहे जे परदेशी लोकांना माहीत नसते : काही समाजांचे भाट वंशावळ्यांच्या वह्या राखतात, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावोगावच्या घराण्यांच्या नामावळी असतात.

समोर एखादी बाई 'हीच माझी मुलगी' म्हणत असेल आणि दोघींचीही तयारी असेल, तर चाचणी अवश्य करावी, आणि निकाल येईपर्यंत पेढे वाटू नयेत. चेहरा मिळतोय म्हणून गावाने ठरवलेले नाते चाचणीत खोटे ठरले, तर दोन्ही बाजूंचे दुःख पहिल्यापेक्षा मोठे होते. परदेशी कंपनीकडे नमुना देताना तो साठा पुढे कोणाच्या हाती जाईल याचाही विचार करावा. २०२५ च्या मार्चमध्ये यांतल्या एका प्रसिद्ध अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो माणसांना हा प्रश्न पडला होता.

परदेशातून आलेली व्यक्ती आमच्या गावात चौकशी करू लागली तर आम्ही काय करावे?

सर्वांत आधी, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकू नये. दवंडी, देवळातला भोंगा, पारावरची चर्चा यांपैकी काहीही करू नये. ज्या बाईचा शोध चालला आहे ती याच गावात नातवंडांसोबत राहत असेल, आणि तिच्या नवऱ्याला, मुलांना, सुनांना यातले अक्षरही माहीत नसेल. तिने चाळीस वर्षे जे पोटात ठेवले ते एका दुपारी चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कोणालाही नाही, तिच्या लेकरालाही नाही. मी हे कठोरपणे लिहिते आहे, कारण एकदा उत्साही तरुणांनी असा फोटो फिरवला होता, आणि संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या घरांवर बोटे दाखवली गेली होती. त्या तीनही घरांचा त्या व्यक्तीशी काही संबंध नव्हता.

पाहुण्याला प्रेमाने बसवावे, चहा-पाणी द्यावे, कागद पाहावेत आणि त्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे घेऊन जावे. पुढची चौकशी एका प्रौढ, समजूतदार, शक्य तर स्त्री दुव्याने करावी. मी जाते तेव्हा निमित्त दुसरे काढते, घरात बाई एकटी असण्याची वेळ पाहते, आणि पहिल्या भेटीत मुलाचा उल्लेखही करत नाही. 'अमक्या साली तुम्ही पुण्याला होता का' एवढा प्रश्न विचारून तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, की पुढे जायचे की चहा पिऊन उठायचे ते कळते. सोबत त्या व्यक्तीला कधीही नेत नाही. ती जवळच्या शहरात थांबते.

वेळही पाहावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घर भरलेले असते. कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमते. असे दिवस नाजूक चौकशीला चुकीचे. सातपुड्यातल्या आणि नवापूर भागातल्या आदिवासी कुटुंबांचा शोध असेल तर दिवाळीनंतर ती ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेली असतात. होळीच्या सुमारास माणसे पाड्यावर परततात, तेव्हा भेट होण्याची आशा अधिक. कुटुंब कायमचे सुरतेला, उधना-लिंबायत भागात गेले असेल, तर गावातल्या वृद्धांकडून तिथला पत्ता मिळतो.

आई सापडली, पण तिने भेटायला नकार दिला तर?

तो नकार मान्य करावा. तिच्यावर भावनिक दडपण आणू नये, तिच्या मुलांकडून किंवा भावाकडून निरोप पाठवू नये, लांबून तिचा फोटो काढून देऊ नये. मूल कोणत्या परिस्थितीत आले हेही तिला विचारायचे असेल तर फार जपून विचारावे, कारण काही गर्भारपणे बळजबरीतून आलेली असतात आणि काही आया तेव्हा स्वतःच अल्पवयीन होत्या.

नकार देणाऱ्या बाईला मी दोनच गोष्टी विचारते. घराण्यात साखर, हृदयविकार, सिकलसेल यांसारखा आजार आहे का. सिकलसेल विचारतेच, कारण आपल्या आदिवासी भागांत तो आढळतो आणि परदेशातल्या डॉक्टरांच्या तो मनातही येत नाही. आणि मुलाला काही सांगायचे आहे का. एका आईने भेट नाकारली, पण कनवटीचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. ते नाणे आता दूर देशी एका घरात आहे, आणि ज्याला ते मिळाले त्याने पुन्हा कधी भेटीचा आग्रह धरला नाही.

मी स्वतः आई आहे. मला माझ्या मुलाचा शोध घेता येईल का?

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. सध्याची तरतूद दत्तक गेलेल्या मुलाच्या बाजूने लिहिलेली आहे. दत्तक कुटुंबाचे नाव आणि पत्ता जन्मदात्रीला दिला जात नाही. मला हा नियम अपुरा वाटतो, कारण मूल मोठे झाल्यावर दोन्हीकडची इच्छा जुळवणारी एखादी सरकारी नोंदवही ठेवणे अशक्य नाही. परंतु आज तुम्ही एक गोष्ट करू शकता. ज्या संस्थेत मूल दिले तिला आणि 'कारा'ला लेखी कळवा की 'माझ्या मुलाने विचारले तर माझे नाव व पत्ता द्यावा, माझी संमती आहे', आणि ते पत्र फाइलला लावण्याची विनंती करा. पोच घ्या. लिहिता येत नसेल तर विश्वासू व्यक्तीकडून लिहवून अंगठा द्या. तुमचे मूल उद्या विचारायला आले, तर हे पत्र त्याची वाट पाहत असेल.

सापडलेले मूल शेतजमिनीत हिस्सा मागेल का?

मामा आणि भाऊ हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. जमीन हाच ज्यांचा आधार त्यांना ही भीती वाटणारच. दत्तकविधान झाल्यावर मुलाचे जन्मघराशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि ते दत्तक घराचे होते, असे १९५६ चा कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा दोन्ही सांगतात. दत्तक जाण्याआधीच मुलाच्या नावे झालेली मालमत्ता हा तेवढा अपवाद. जी मुले पालक-पाल्य हुकुमावर गेली त्यांचे दत्तकविधान परदेशी कायद्याने झालेले असल्याने, शंका असल्यास वकिलाला कागद दाखवावा. मी ज्यांच्यासोबत गेले त्यांच्यापैकी कोणी सातबारा पाहायला मागितला नाही. आजीचा फोटो आहे का, असे मात्र सगळ्यांनी विचारले.

पैसे घेऊन शोधून देणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्याकडे जावे का?

जाऊ नये. आगाऊ मोठी रक्कम मागणारा, 'आठ दिवसांत आई दाखवतो' म्हणणारा किंवा आईला पैसे देऊन भेटीला तयार करणारा मनुष्य खोटी आई उभी करू शकतो. प्रवासखर्च आणि दुभाष्याचे मानधन देणे योग्य आहे, पण ते पावतीने द्यावे आणि शोध लागण्याशी त्याचा संबंध जोडू नये.

आमचे मूल फसवून नेले होते, आम्ही दत्तक दिलेच नव्हते. अशा वेळी काय करावे?

काही घरांत ही तक्रार खरी असते. शिक्षणासाठी म्हणून वसतिगृहात ठेवलेले मूल परत मिळालेच नाही, कोऱ्या किंवा न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा घेतला, असे आईबाप सांगतात. आजच्या कायद्यात मूल सुपूर्द केल्यावर फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. जुन्या काळी ती कित्येकांना समजावून सांगितलीच गेली नाही. हे दुखणे आता मुले घेणाऱ्या देशांनीही कबूल केले आहे. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशी समितीच्या अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवले होते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक आणि थुरगाऊ या प्रांतांनी भारतातून तिथे गेलेल्या मुलांच्या फायली इतिहासकारांकडून तपासून घेतल्या, आणि जन्मदात्यांच्या संमतीचे कागदच नसल्याचे २०२४ च्या अखेरीस समोर आले.

तुमच्याकडे असलेले सर्व कागद, फोटो, वसतिगृहाच्या पावत्या जपून ठेवा, घटना आठवेल तशी तारखांसह लिहवून घ्या, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागा. परदेशात असलेले तुमचे मूल या फसवणुकीत दोषी नाही, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवा.

पाहुणा आमच्या घरी मुक्काम करू शकतो का? आणि बोलायचे कसे?

करू शकतो. परदेशी नागरिक घरी उतरल्यास चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्ममध्ये (पूर्वीचा 'सी फॉर्म') भरावी लागते. हा नियम हॉटेलांप्रमाणे घरांनाही आहे आणि गावांत तो बहुतेकांना ठाऊक नसतो. शंका असल्यास पोलीस ठाण्यात विचारावे. मे महिन्यात येऊ नये असे पाहुण्याला आधीच कळवावे, कारण जळगाव-भुसावळचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते आणि थंड देशातून आलेला माणूस दोन दिवसांत अंथरूण धरतो.

भाषेसाठी पुण्या-मुंबईचा दुभाषा आणला तर तो इथे अर्धाच उपयोगी पडतो. घरात अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी चालत असेल तर त्याच बोलीतले माणूस सोबत हवे. बाई प्रमाण मराठीत जे सांगते ते शासनाला सांगितल्यासारखे असते. आपल्या बोलीत ती रडते. मागच्या वर्षीच्या एका भेटीत आजीने पाहुणीचा हात दोन्ही हातांत धरला आणि 'तू कोनी आंडेर शे?' असे विचारले. दुभाष्या मुलाने त्याचे इंग्रजी केले, 'तू कोणाची मुलगी आहेस?' पाहुणीने जन्मदात्रीचे नाव घेतले. ते नाव ती लहानपणापासून चुकीच्या उच्चाराने म्हणत आली होती, आणि आजीने तिला ते तीन वेळा नीट म्हणून दाखवले.